रविवारचा झगा, एरवीची साडी

“ताई, एरवी तुम्ही आमच्यासारख्याच साडीत दिसता. मग रविवारी तो पांढरा झगा कशाला? आणि घालायचाच, तर मग रोज का नाही?” इंदूरला पाळक, म्हणजे चर्चची धर्मसेविका, म्हणून आल्यापासून हा प्रश्न मला रामबागेतल्या शेजारणी विचारतात, क्लॉथ मार्केटमधले दुकानदार विचारतात, आमच्या मंडळीतल्या, म्हणजे चर्चच्या समुदायातल्या, कॉलेजच्या मुलीही विचारतात. तुम्ही विचारलंत म्हणून आज सविस्तर लिहिते. जाता-जाता दिलेल्या उत्तरात हे सगळं मावत नाही.

झगा शिवून घेतला मी, त्याला इस्त्री करते मी, पण उपासनेत तो मंडळीचा असतो. प्रभुभोजनाची, म्हणजे येशूच्या शेवटच्या भोजनाच्या आठवणीतल्या विधीची, भाकर मोडणारी बाई कुठल्या घरची, तिच्या अंगावर पैठणी आहे की सुती साडी, गळ्यात काय आहे, याकडे लक्ष जाऊ नये म्हणून तो गळ्यापासून घोट्यापर्यंत शिवतात. पुरुष पाळकांना याची गरज किती जाणवते ते त्यांनीच सांगावं. मला दर रविवारी जाणवते. बायकांच्या बाबतीत लोक आधी काठपदर बघतात, मग ऐकतात. झगा अंगावर आला की काठपदराचा विषय मिटतो आणि मी वाचलेलं वचन लोकांपर्यंत पोचतं. एवढ्या एका कारणासाठीसुद्धा मी तो घातला असता.

आमच्या घरी मात्र झग्याला विरोध होता. आमचं मूळ अहमदनगरचं, अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळीतलं. ती परंपरा साधी. आजोबा पाळक होते. लांब कोट, खांद्यावर उपरणं, हातात पवित्र शास्त्र, एवढ्यावर त्यांनी आयुष्यभर उपासना चालवली. मार्कच्या शुभवर्तमानाचा बारावा अध्याय ते पुन्हा पुन्हा काढायचे. लांब झगे घालून मिरवणाऱ्या शास्त्र्यांपासून सांभाळा, असं प्रभू तिथे बजावतो. आजोबांचा आक्षेप मी आजही हलका मानत नाही. तो फार जुना आहे. इसवी सन 428 मध्ये पोप सेलेस्टीन पहिले यांनी दक्षिण गॉलमधल्या, म्हणजे आजच्या फ्रान्समधल्या, बिशपांना पत्र लिहून वेगळा पोशाख करणाऱ्यांना फटकारलं होतं. आपण लोकांहून वेगळे दिसावं ते शिकवणुकीनं आणि वागण्यानं, कपड्यांनी नव्हे, असा त्या पत्राचा रोख आहे.

मग हा पोशाख आला कुठून? सुरुवातीच्या शतकांत धर्मसेवकांचे कपडे इतर लोकांसारखेच असत. लांब अंगरखा आणि प्रवासात पांघरायचा बिनबाह्यांचा घोळदार झगा हा रोमन माणसाचा नेहमीचा वेष होता. पुढे उत्तरेकडच्या लोकांचे आखूड अंगरखे आणि विजारी रूढ झाल्या, रस्त्यावरचा वेष बदलला. चर्चनं उपासनेपुरता जुना वेष धरून ठेवला. पोशाख मुद्दाम वेगळा काढला असं झालं नाही, बाकीचं जग पुढे गेलं. कॅथलिक फादर मिस्सेला सगळ्यांत वरून जे घोळदार वस्त्र घालतात, ते त्या प्रवासी झग्याचंच आजचं रूप.

1877 मध्ये इंदूरला आलेले कॅनडाचे मिशनरी प्रेस्बिटेरियन, म्हणजे एका प्रोटेस्टंट पंथाचे, होते. त्या परंपरेत उपदेशासाठी काळा गाऊन आणि गळ्याशी दोन पांढऱ्या पट्ट्या. गाऊन विद्वानांचा, विद्यापीठातला. तशाच पट्ट्या आज इथल्या हायकोर्टात वकिलांच्या गळ्यात दिसतात, कारण दोन्ही एकाच जुन्या युरोपीय वेषातून आल्या. 29 नोव्हेंबर 1970 ला नागपूरला चर्च ऑफ नॉर्थ इंडिया हे संयुक्त चर्च स्थापन झालं तेव्हा अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन, बाप्टिस्ट, ब्रदरन अशा निरनिराळ्या प्रोटेस्टंट परंपरा एकत्र आल्या. कुणाकडे पूर्ण वस्त्रं, कुणाकडे नुसता कोट. एकत्र येणं किती अवघड होतं हे मला त्या काळच्या घरच्या गप्पांतून माहीत आहे. पांढरा कॅसॉक, म्हणजे हा पायघोळ झगा, आणि त्यावर स्टोल हा पोशाख मला म्हणूनच प्रिय आहे. त्यात कुणा एकाची सरशी होत नाही. शिवाय पांढरा सुती कपडा मे महिन्यातल्या इंदुरात अंगावर टिकतो, काळा गाऊन घालून कुणी तासभर उभं राहून दाखवावं.

स्टोल म्हणजे मानेवरून पुढे गुडघ्यांपर्यंत सोडलेला लांब पट्टा. डीकन, म्हणजे दीक्षेच्या पहिल्या पायरीवरचा सेवक, असताना तो डाव्या खांद्यावरून तिरपा घेतात. प्रेसबिटर, म्हणजे पूर्ण दीक्षा घेतलेला पाळक, झाल्यावर दोन्ही टोकं समोर सरळ सोडतात. माझ्या दीक्षेच्या दिवशी बिशपांनी तो तिरपा स्टोल सरळ केला तेव्हा मानेवर त्याचं जे ओझं जाणवलं, ते आजही प्रत्येक वेळी जाणवतं. कापड हलकंच असतं.

स्टोलचा रंग काळाप्रमाणे बदलतो. नाताळाआधीच्या आगमनकाळात आणि ईस्टरआधीच्या उपवासकाळात जांभळा, नाताळात आणि पुनरुत्थानाच्या सणाला पांढरा, पवित्र आत्मा उतरल्याच्या पेंटेकॉस्ट सणाला लाल, वर्षातल्या बाकीच्या बहुतेक रविवारी हिरवा. हुतात्म्यांच्या दिवशीही लाल. त्या लाल रंगाचा अर्थ इंदूरकरांना वेगळा सांगावा लागू नये. कॅथलिक सिस्टर रानी मारिया यांना 25 फेब्रुवारी 1995 ला उदयनगरहून इंदूरला येताना बसमधून ओढून मारलं गेलं. 4 नोव्हेंबर 2017 ला याच शहरात त्यांना धन्य, म्हणजे संतपदाच्या आधीच्या पायरीवरच्या, घोषित करण्यात आलं. त्यांच्या स्मृतिदिनी वेदीशी लाल वस्त्र दिसलं तर ते कशासाठी आहे हे लक्षात असू द्या.

आपल्या मातीतली वस्त्रं नकोत का, असंही मला विचारतात. हवीत, आणि मनापासून हवीत. 1969 मध्ये रोमच्या कॅथलिक धर्मपीठानं भारतीय कॅथलिकांना उपासनेत बारा बदलांची परवानगी दिली, त्यात साधा अंगरखा आणि अंगवस्त्रासारखा स्टोलही होता. ख्रिस्ती प्रचारक साधू सुंदर सिंग तर भगव्या वस्त्रात गावोगाव फिरले. माझा नेहमीचा हिरवा स्टोल महेश्वरी कापडाचा आहे, आणि आयात केलेल्या जरीकामापेक्षा तो वेदीशी जास्त शोभतो असं माझं ठाम मत आहे. बायबलमधल्या निर्गमाच्या अठ्ठाविसाव्या अध्यायात अहरोन या याजकाची वस्त्रं गौरवासाठी आणि शोभेसाठी करायला सांगितली आहेत. शोभेला माझी ना नाही. ती देवाच्या सेवेची असावी, पाळकाच्या ऐपतीची नको.

आता रोज का नाही, याबद्दल. कॅथलिक धर्मनियमांतही, 1983 च्या संहितेच्या 284 व्या कलमात, धर्मगुरूंनी तिथल्या बिशपांच्या नियमांप्रमाणे आणि स्थानिक रीतीप्रमाणे योग्य वेष करावा एवढंच आहे. म्हणून तुम्हाला फादरही कधी शर्ट-पँटमध्ये स्कूटरवर दिसतात. ज्या कामासाठी झगा आहे ते काम संपलं की मी तो उतरवते. भाजी घेताना, बँकेच्या रांगेत मला वेगळा मान मिळू नये. शेवटच्या भोजनाच्या वेळी प्रभूनं अंगावरची वस्त्रं काढून ठेवली, कमरेला रुमाल बांधला आणि शिष्यांचे पाय धुतले. पोशाखाबद्दल माझ्या मनात शंका आली की मी योहानाचा तेरावा अध्याय वाचते.

दवाखान्यात जाताना मात्र मी कॉलर, म्हणजे पाळकांची गळ्याशी लावायची पांढरी पट्टी, लावते. मध्यरात्री अतिदक्षता विभागाबाहेर बसलेल्या नातलगांना माझी ओळख विचारत बसण्याचं त्राण नसतं. कॉलर दिसली की ते उठून जवळ येतात, आणि पुष्कळदा ते आमच्या मंडळीचे, किंवा ख्रिस्तीही, नसतात.