मार्गिटच्या काठीला ढाल, हातोड्याला कोलांटी

एल्डन रिंग या व्हिडिओ गेममध्ये मी व्हॅगबॉन्ड हा योद्धा घेतला तो ढालीसाठीच. त्याला सुरुवातीलाच मिळणारी हीटर शील्ड साध्या शस्त्राचा मार 100 टक्के अडवते. तलवार असो की भाला, वार ढालीवर बसला तर जीव दाखवणारी लाल पट्टी जागची हलत नाही. स्टॉर्मव्हेल किल्ल्याच्या वाटेवर मार्गिट हा बॉस, म्हणजे मोठा शत्रू, आडवा येईपर्यंत एवढ्यावर माझं मस्त चाललं होतं.

मार्गिटची काठीही ढालीवर अडते, पण हिशोब स्टॅमिना, म्हणजे दम दाखवणाऱ्या हिरव्या पट्टीतून चुकता होतो. प्रत्येक वार स्टॅमिना खातो आणि ढाल वर धरलेली असताना तो भरतोही हळू. तीन-चार फटके लागोपाठ बसले की पट्टी रिकामी, ढाल बाजूला आणि आपण गुडघ्यावर. म्हणून दोन माऱ्यांच्या मधे मी ढाल मुद्दाम खाली घ्यायला लागलो. मार्गिट समोर उभा असताना हात आपोआप ढालीच्या बटणाकडे जातो; तो आवरणं हेच निम्मं काम होतं.

उरलेलं निम्मं काम वजनाचं. अंगावरचं सामान क्षमतेच्या 70 टक्क्यांच्या खाली असेल तर वार चुकवायची कोलांटी नीट बसते. त्यावर गेलं की आपला वीर पोत्यासारखा आदळतो. मी हॅल्बर्ड हे जड हत्यार काढून ठेवलं आणि पुढचे रून्स, म्हणजे शत्रू मारून मिळणारी कमाई, एन्ड्युरन्स या गुणावर घातले. त्यातून स्टॅमिनाही वाढतो आणि वजन पेलायची क्षमताही, म्हणजे ढाल आणि कोलांटी दोघींचं भलं.

कोलांटीच्या सुरुवातीचा काही क्षण आपल्याला काहीच लागत नाही. खेळणारे त्याला आय-फ्रेम्स म्हणतात. सगळी मदार त्यावर, आणि मार्गिटला ते पक्कं ठाऊक असल्यासारखा तो वागतो. काठी डोक्यावर उचलतो आणि तशीच धरून ठेवतो. आपण घाबरून लोळलो, उठलो, की मग हाणतो. (हा बॉस बनवणाऱ्याला कोपरापासून नमस्कार.) त्यात कोलांटी होते ती बटण दाबल्यावर नाही, सोडल्यावर, कारण तेच बटण दाबून ठेवलं की धावायला लागतो. मी काठी वर जाताना बघायचं सोडलं आणि खांदा खाली येताना बटण टिचकीसारखं दाबून सोडायला लागलो. तेही मागे नाही, त्याच्याच अंगावर, काठीच्या खालून. मागे लोळलं तर लांब काठीचं टोक बरोबर गाठतं.

सोन्यासारखा चमकणारा खंजीर आणि नंतर निघणारा हातोडा यांचा मार मात्र होली, म्हणजे पवित्र शक्तीचा. हीटर शील्ड तो पूर्ण अडवत नाही, ढालीआडूनही रक्त जातं. त्यामुळे वाटणी ठरली: काठी ढालीवर, प्रकाशाची हत्यारं कोलांटीवर. हातोडा घेऊन तो उडी मारतो तेव्हा तर ढालीचा विचारही नको.

खरी मजा गार्ड काउंटरची. वार ढालीवर झेलला की लगेच जोरदार हल्ल्याचं बटण. तलवार फिरून अशी बसते की मार्गिटचा तोल ढळत जातो आणि शेवटी तोच गुडघ्यावर येतो. पण काउंटर मारायचा तो त्याच्या माऱ्यातल्या शेवटच्या फटक्यावर. मधल्या फटक्यावर हात उचलला तर पुढची काठी थेट तोंडावर.

तो पडला त्या लढतीत माझ्याकडे औषधाचा एकच घोट शिल्लक होता. तो प्यायची सोय नव्हतीच, बाटली तोंडाला लावली की मार्गिट लांबूनही खंजीर फेकतो. आता पुढे गॉड्रिक हा बॉस आहे, आणि त्याच्या हाताला जोडलेलं ड्रॅगनचं डोकं आग ओकतं. तिथे हीटर शील्ड ठेवू की वेगळी ढाल शोधू, ते बघतोय.