जवसाची चटणी आणि आईचं वजन

आज आईला नागपुरात धंतोलीत आहारतज्ज्ञांकडे नेलं. तीन महिने ती माशाच्या तेलाच्या कॅप्सूल घेतेय, वजन उतरेल या आशेवर. काटा 71 वरून हलला नाही. तिचा उतरलेला चेहरा बघून मलाच भरून आलं.

मॅडमनी शांतपणे समजावलं. माशाच्या तेलातलं ओमेगा-3 हीसुद्धा चरबीच, 1 ग्रॅमला 9 कॅलरी. योग्य मात्रेत रक्तातले ट्रायग्लिसराइड्स, म्हणजे रक्तातली एक चरबी, कमी व्हायला मदत होते, पण नुसत्या कॅप्सूलनं वजन उतरत नाही.

मग त्यांनी विचारलं, "काकू, जवस खाता का?" आई एकदम खुलली. विदर्भात जवस काय नवीन! जवसाच्या तेलात साधारण निम्मं ओमेगा-3 असतं. ते एएलए, म्हणजे वनस्पतींत मिळणाऱ्या प्रकारचं. माशातल्या ईपीए-डीएचए या ओमेगा-3 च्या प्रकारांत शरीर त्याचा थोडाच भाग बदलतं. आणि दाणे कुटूनच खायचे, अख्खे बरेचसे न पचता बाहेर पडतात.

येताना इतवारीतून पाव किलो जवस आणला. आत्ता आई मंद आचेवर भाजतेय. दाणे तडतडून कढईबाहेर उडताहेत, खलबत्त्यात लसूण आणि लाल तिखट तयार आहे. "भाकर आज एकच टाक माझ्यासाठी," म्हणाली.