कलमं पाठ केली, उतारा वाचलाच नाही

बारावी सायन्सला असताना लॉ करायचं जाहीर केलं, तेव्हा घरातून पहिला प्रश्न आला: "मग फिजिक्स कशाला घेतलंस?" याचं धड उत्तर माझ्याकडे आजही नाही. पाच वर्षांच्या कोर्सला शाखेची अट नसते आणि क्लॅटसाठी, म्हणजे राष्ट्रीय विधी विद्यापीठांच्या सामायिक प्रवेश परीक्षेसाठी, खुल्या प्रवर्गाला बारावीत 45 टक्के पुरतात, एवढं समजलं होतं. तेवढ्यावर मी खूश होते.

मामेभाऊ, म्हणजे आमचा दादा, वकील. त्याने 2017 मध्ये क्लॅट दिली होती. त्याचं जाडजूड पुस्तक त्याने मोठ्या प्रेमाने माझ्या हवाली केलं आणि अकरावीनंतरची अख्खी सुट्टी मी त्याच्यावर उधळली. लॅटिन वचनं, घटनेतली कलमं, खटल्यांची नावं. झोपेतून उठवलं असतं तरी कलम 32 सांगितलं असतं.

मग पहिली मॉक, म्हणजे सराव परीक्षा, दिली. उताऱ्यात एक काल्पनिक नियम होता: सोळा वर्षं पूर्ण झालेल्याने शिक्षणासाठी केलेला करार त्याच्यावर बंधनकारक राहील. पुढे सतरा वर्षांच्या मुलाची गोष्ट. मी छाती फुगवून 'करार मुळातच रद्द' यावर खूण केली, कारण अज्ञान, म्हणजे वयात न आलेल्या, व्यक्तीचा करार प्रिव्ही कौन्सिलने (ब्रिटिश काळातलं सगळ्यात वरचं अपील न्यायालय) 1903 मध्येच, मोहरी बीबीच्या खटल्यात, रद्दबातल ठरवलेला मला पाठ होता. उत्तर चूक. वर पाव गुण गेला तो वेगळाच.

तेव्हा कुठे मी क्लॅटची माहिती नीट वाचली. (हे आधी करायचं असतं, हो.) दादाच्या वेळी 200 सुटे प्रश्न असत. 2020 पासून सगळा पेपर उताऱ्यांवर आला आणि आमच्या वर्षी, म्हणजे 3 डिसेंबर 2023 च्या परीक्षेला, प्रश्न 150 वरून 120 झाले. वेळ दोन तास. कायद्याच्या विभागात आधीचं ज्ञान लागत नाही. उताऱ्यातला नियम घ्यायचा आणि दिलेल्या घटनेला लावायचा. नियम विचित्र वाटला तरी त्याच्याशी भांडायचं नाही. मला भांडायची फार हौस.

मी चुकांची वही केली. प्रत्येक चुकीच्या उत्तरापुढे एकच गोष्ट लिहायची: का चुकलं. महिन्याभराने पानं उलटली तर निम्म्याहून जास्त ठिकाणी 'बाहेरचं आणलं' असं माझ्याच अक्षरात लिहिलेलं. 'वेळ पुरला नाही' हे त्याखालोखाल. साडेचारशे शब्दांचा इंग्रजी उतारा वाचायला मला सुरुवातीला चार मिनिटं लागायची. त्यावर रोज इंग्रजी अग्रलेख घड्याळ लावून वाचणं आणि वाचून झाल्यावर लेखकाचं म्हणणं एका वाक्यात मराठीत लिहिणं, एवढंच केलं. रंगीत पेनांनी अधोरेखित करायचा प्रयोग आठवड्यात बंद पडला; पान सुंदर दिसायचं, डोक्यात काही राहत नसे. चालू घडामोडींचा विभाग मात्र फसवा. तिथेही उतारा असतो, पण बरीच उत्तरं त्यात सापडत नाहीत, ती आपल्यालाच माहीत असावी लागतात. गणिताचे दहा-बारा प्रश्न सायन्सच्या कृपेने सुटले.

दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाची आयलेट ही वेगळी परीक्षा असते. आमच्या वेळी तिच्या 150 पैकी 70 प्रश्न तर्कावर होते आणि ती क्लॅटनंतर आठवड्याने होती. ती मी सोडली. दोन पद्धतींची तयारी एकाच वेळी मला झेपली नसती, आणि फेब्रुवारीत बोर्ड होतंच.

क्लॅटमधली रँक बेताची आली. हवी ती विद्यापीठं लांब राहिली. चार दिवस मी कुणाशी नीट बोलले नाही.

बोर्डानंतर राज्याच्या सीईटीचा, म्हणजे राज्यातल्या लॉ कॉलेजांच्या प्रवेश परीक्षेचा, अभ्यास काढला आणि दादाचं पुस्तक माळ्यावरून खाली आलं! इथे कायद्याचे सरळ प्रश्न येतात: अमुक कलम कशाबद्दल, तमुक वचनाचा अर्थ काय. जे क्लॅटमध्ये अंगाशी आलं, त्याच पाठांतराने इथे हात दिला. प्रश्न मराठीतूनही मिळतात. मी मात्र इंग्रजीच ठेवलं, कारण वर्षभर तीच सवय लावून घेतली होती. सवयीनेच आणखी एक घोळ घातला. सीईटीत चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, तरी मी खात्री नसलेले प्रश्न कोरे सोडत चालले होते. हे लक्षात आलं तेव्हा शेवटची काही मिनिटं उरली होती. मग अकरा प्रश्नांवर डोळे मिटून 'क' दाबला.

कॅपच्या, म्हणजे राज्याच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या, दुसऱ्या फेरीत कॉलेज मिळालं. परवा मावसबहिणीने ते पुस्तक मागितलं. "आधी सांग, कुठली परीक्षा देणार आहेस?" असं मी विचारलं. तिचं अजून ठरलेलं नाही, त्यामुळे पुस्तक माझ्याकडेच आहे.