आउटलँडर पीएचईव्ही, नोंद सहावी : 61,840 मैल

मंडळी, ऑक्टोबरनंतर आज लिहायला बसलोय. मध्ये पाच आठवडे आम्ही पुण्याला होतो आणि तेवढा काळ गाडी इंग्लंडमध्ये, मिल्टन कीन्सला घरासमोर उभी होती. आल्यापासूनचे जवळजवळ सगळे शनिवार-रविवार तिच्याखालीच गेले.

नव्यांसाठी थोडक्यात : मित्सुबिशीची 2015 सालची पीएचईव्ही, म्हणजे प्लगला लावून चार्ज करायची हायब्रिड गाडी, 2 लिटरचं पेट्रोल इंजिन, पुढे एक आणि मागे एक अशा 60-60 किलोवॉटच्या दोन मोटर, 12 युनिटची 300 व्होल्टची बॅटरी. गिअरबॉक्स नाही. हळू जाताना इंजिन फक्त जनरेटर फिरवतं, साधारण 65 किलोमीटर वेगानंतर गरज पडली तर क्लच लागून थेट पुढच्या चाकांना जोडलं जातं. झिजणारे भाग इतके कमी असल्यामुळेच मी ही गाडी सेकंडहँड घ्यायचं धाडस केलं, आणि त्याचा मला आजवर पश्चात्ताप झालेला नाही. मात्र एक गोष्ट आता पक्की लक्षात आली आहे : हिच्यात जे काही खराब होतं ते चालून नाही, पडून राहून होतं. या वेळच्या नोंदी त्याच्याच आहेत.

आधी बॅटरी, कारण सगळे तेच विचारतात. नवीन असताना क्षमता 38 अँपिअर-अवर. गाडीच्या ओबीडी सॉकेटला (तपासणीच्या जोडणीला) डोंगल लावून फोनवरच्या पीएचईव्ही वॉचडॉग अॅपमध्ये मागच्या मार्चमध्ये 30.6 दिसले होते, या रविवारी 30.1. पण हा आकडा म्हणजे गाडीच्या बॅटरी कंट्रोलरचा अंदाज असतो, म्हणून मी भिंतीवरच्या प्लगला मीटर लावूनही बघतो. डॅशबोर्डवर बॅटरी संपली असं दिसतं तेव्हाही आत साधारण 30 टक्के चार्ज राखून ठेवलेला असतो. तिथपासून पूर्ण भरेपर्यंत 7.9 युनिट गेले. चार्जरमध्ये वाया जाणारी वीज धरली तर दोन्ही आकड्यांचा मेळ बसतो. 80 सेलपैकी सगळ्यात वरच्या आणि सगळ्यात खालच्या सेलमध्ये फरक फक्त 15 मिलिव्होल्ट. मला याचं समाधान क्षमतेच्या आकड्यापेक्षा जास्त वाटतं. सेल एकामागे एक जोडलेले असतात, त्यामुळे सगळ्यात अशक्त सेल थकला की पूर्ण बॅटरी थांबते. कंपनीच्या चाचणीत एका चार्जमध्ये 52 किलोमीटर म्हणजे 32 मैल होते. मला थंडीत 14 मैल मिळतात, उन्हाळ्यात 18-19.

आता 12 व्होल्टची छोटी बॅटरी. हीथ्रोहून रात्री अकराला घरी आलो, सामान आत ठेवलं आणि सहज गाडीचं बटण दाबलं. रेडीचा दिवा लागेना, मग बाकीचे दिवेही विझले. मल्टिमीटरवर 9.8 व्होल्ट. मोठी बॅटरी 80 टक्के भरलेली होती, पण तिला गाडीशी जोडणारे रिले (विजेवर चालणारे स्विच) ओढायला हीच छोटी बॅटरी लागते. ती झोपली की 300 व्होल्ट असून नसल्यासारखे. एक चांगलं आहे, या गाडीला वेगळा स्टार्टर मोटर नाही, इंजिनला जनरेटरच फिरवून सुरू करतो. त्यामुळे जंप द्यायला दांडगा करंट लागत नाही. शेजाऱ्याकडचा हातात मावणारा बूस्टर बॉनेटखालच्या टोकाला लावला आणि दुसऱ्या क्षणाला गाडी रेडी. मात्र इतकी खाली गेलेली बॅटरी पुन्हा भरवशाची राहत नाही, म्हणून नवीन बसवली. ती डिकीत असते, तेव्हा बदलताना वायू बाहेर नेणारी बारीक नळी परत जोडायला विसरू नका. पुढच्या भारतवारीत मेंटेनर चार्जर (उभ्या गाडीची बॅटरी हळूहळू भरलेली ठेवणारा) लावून जाणार.

जास्त वेळ खाल्ला तो मागच्या ब्रेकांनी. एमओटीत, म्हणजे इथल्या वार्षिक सक्तीच्या तपासणीत, गाडी पास झाली, पण मागच्या डिस्क गंजल्याची सूचना कागदावर आली. अपेक्षितच होतं. हलका ब्रेक दाबला की चाकं मोटरच थांबवते, पॅडला काम पडत नाही, आणि इथे नोव्हेंबरपासून रस्त्यावर मीठ पडतं.

डावं चाक काढलं. बाहेरून डिस्क बरी दिसत होती. टॉर्च घेऊन मागून बघितलं तर आतल्या बाजूला कडेने बोटभर रुंद तपकिरी पट्टा, हात फिरवला तर खरखरीत. पॅड तेवढ्या भागाला टेकतच नव्हता. कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) उचलल्यावर कारण कळलं. तो ज्यांवर सरकतो त्यांपैकी वरची सरकपिन हाताने सहज आतबाहेर व्हायची, खालची हलेना. पक्कडीत धरून डावी-उजवीकडे फिरवत दहा मिनिटांनी ती बाहेर आली. अंगावर जुनं ग्रीस मेणासारखं घट्ट झालेलं, आणि रबरी टोपीची कड फाटून आत पाणी गेलेलं. पिन बारीक पॉलिश पेपरने घासली, भोक ब्रेक क्लीनरने धुतलं, नवीन टोपी आणि सिलिकॉन ग्रीस. पॅडचे कान ज्या खाचेत बसतात त्या खाचा तारेच्या ब्रशने धातू दिसेपर्यंत साफ केल्या. मग पिन एका बोटाने ढकलली तरी सरकली! डिस्कची जाडी मर्यादेत होती म्हणून बदलली नाही. उजवीकडे तेवढं वाईट नव्हतं, पण साफसफाई तीच केली.

आता आठवड्यातून एकदा, मागेपुढे कुणी नसलेल्या सरळ रस्त्यावर, न्यूट्रलमध्ये टाकून चार-पाच वेळा जरा जोराने ब्रेक लावतो. न्यूट्रलमध्ये मोटर मदतीला येत नाही, सगळं काम डिस्कला करावं लागतं. तीन आठवड्यांत तो पट्टा निम्म्याने कमी झाला आहे.

इंजिनचंही तेच दुखणं. रोजचं येणंजाणं विजेवर, त्यात थंडीत हीटर लावला की इंजिन चार मिनिटं चालतं आणि बंद पडतं. ऑइल तापतच नाही. जानेवारीत ऑइल भरायचं झाकण उघडलं तर आतून कॉफीच्या फेसासारखा थर होता. हेड गॅस्केट फुटून कूलंट ऑइलमध्ये आलं असं समजून, घाबरून ते उघडायला धावू नका. कूलंटची पातळी जागेवर असेल तर हा बहुतेक वेळा आत साठलेला ओलावा असतो. एम-1 मोटरवेवर सेव्ह मोड (बॅटरी राखून इंजिन चालवणारा) लावून पन्नास मिनिटं चालवली, घरी येऊन बघितलं तर झाकण साफ. आता दर पंधरा दिवसांनी अशी एक फेरी, आणि ऑइल दरवर्षी, मैल कितीही कमी झाले असले तरी.

पेट्रोलचंही तसंच. मॅन्युअलनुसार दर तीन महिन्यांत किमान 15 लिटर भरायचं, नाहीतर गाडी स्वतःहून इंजिन चालवते. शेव्हरले व्होल्ट या दुसऱ्या प्लग-इन हायब्रिडवाल्यांना हे ओळखीचं वाटेल. त्यांचं इंजिन सहा आठवडे चाललं नाही तर गाडीच ते सुरू करायला सांगते. मी टाकी अर्धीच ठेवतो आणि ई-10 ऐवजी ई-5 (10 टक्क्यांऐवजी 5 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असलेलं) घालतो, कारण इथेनॉल ओलावा धरतं आणि माझं पेट्रोल दोन-दोन महिने टाकीत राहतं.

भगव्या, म्हणजे 300 व्होल्टच्या केबलींना मी हात लावत नाही. त्या बाजूचं काम एप्रिलमध्ये प्रशिक्षित मेकॅनिककडे देणार आहे : इन्व्हर्टर आणि मोटरच्या वेगळ्या कूलंट लूपचं पाणी बदलायचंय. त्याच वेळी पुढच्या ट्रान्सअॅक्सलचं (मोटर आणि इंजिन चाकांना जोडणाऱ्या ठरावीक गिअरच्या पेटीचं) ऑइलही काढून बघणार. तुमच्यापैकी कुणी साठ हजार मैलांच्या आसपास ते काढलं असेल तर रंग कसा होता आणि चुंबकाच्या प्लगवर धातूची किती भुकटी होती ते कळवा, म्हणजे माझं काढल्यावर ताडून बघता येईल.