दाजींचा रस्ता, दिवसाउजेडी

६ नोव्हेंबर

एकदाचं ठरलं. चौदाला पहाटे बेळगावातून निघायचं, मी आणि दाजी, दोघं दोन गाड्यांवर. माझी स्प्लेंडर, त्यांची प्लॅटिना. जाताना यल्लापूरवरून अंकोल्याला उतरून किनाऱ्यानं उडुपी, येताना आगुंबे, तीर्थहळ्ळी, जोग, शिरसी. आठशे किलोमीटर धरलेत, वर थोडं इकडंतिकडं.

तारीख काढायला पंचांग लागलं नाही, गावाचं वेळापत्रक पुरलं. एक नोव्हेंबरला इकडे कर्नाटकाचा राज्योत्सव, तिकडे मराठी माणसांचा काळा दिवस. त्या दिवशी बेळगावात गाडी बाहेर काढायची नाही हे लहानपणापासून अंगात मुरलेलं. डिसेंबरात बेळगावात विधिमंडळाचं अधिवेशन, म्हणजे हायवेला पोलीसच पोलीस. मधला पंधरवडा तेवढा आपला. आमच्या वडगावात, बेळगावातल्याच, मागही सध्या निम्मेच चालू आहेत, साडीला उठाव नाही, त्यामुळे पाच दिवस मी नसलो तरी कुणाचं अडणार नाही. बायको तर म्हणाली, सात दिवस जावा.

खरं कारण दाजी. मे महिन्यात रिटायर झाले. सव्वीस वर्षं बस चालवली, त्यातली शेवटची अकरा मंगळूरच्या रात्रीच्या गाडीवर. संध्याकाळी निघायचं, पहाटे पोचायचं, दिवसभर डेपोत झोपायचं, रात्री परत. परवा जेवताना सहज म्हणाले, "अकरा वर्षं चालवला मी तो रस्ता. पण बघितला न्हाई हो कधी."

अक्का म्हणाली कार करून जावा. दाजी म्हणाले, कारमध्ये बसलं की झोप येते, आणि दुसऱ्यानं चालवलेली गाडी मला सोसत नाही. प्रश्न मिटला.

९ नोव्हेंबर

रविवार गाडीच्या कामात गेला. माझी स्प्लेंडर २००४ सालची. हिरो आणि होंडा वेगळे झाले २०१० च्या शेवटी, माझ्या टाकीवर मात्र दोघांचा संसार अजून चालू आहे. ९७.२ सीसी, आठ घोड्यांच्या आतलं इंजिन. दाजींच्या बसला सहा सिलिंडर होते. ते प्लॅटिनाकडे बघून म्हणाले, हिला घोडे म्हणायचे की शेळ्या?

गल्लीतल्या पोरांना वाटतं लांब जायचं तर बुलेट पाहिजे, जाकीट पाहिजे, मागं लोखंडी पेट्या पाहिजेत. मला ते पटत नाही. ही गाडी बंद पडली तर ढकलता येते, आडवी पडली तर एकट्याला उचलता येते, आणि हिचा क्लच वायर कुठल्याही खेड्यात सायकलच्या दुकानातसुद्धा मिळतो. लांबच्या वाटेला याहून जास्त काय लागतं?

काम असं झालं: ऑइल बदललं, प्लग नवा, मागचा टायर नवा, ब्रेकचे लायनर नवे, चेन-स्प्रॉकेटचा सेट नवा. कार्बोरेटर खोलला तेव्हा पेट्रोलची रबरी नळी कडक झालेली निघाली, दाबली की चिरा दिसत होत्या. मिस्त्री म्हणाला, हे नव्या पेट्रोलचं काम. २० टक्के इथेनॉल आलंय त्याच्यात, जुन्या रबराला मानवत नाही. ॲव्हरेजही थोडं पडतं, कारण लिटरमागं इथेनॉलची ताकद पेट्रोलच्या दोन-तृतीयांशच. पण तक्रार कुठल्या तोंडानं करू? ऊस आमच्याच जिल्ह्याचा, कारखाने आमचेच, मामांचं शेत त्याच्यावर. नळीचे चाळीस रुपये दिले आणि गप्प बसलो.

सामानात दोन ट्यूब, पायाचा पंप, क्लच वायर, प्लग, एक बल्ब, पाने. साड्या गुंडाळायच्या प्लॅस्टिकमध्ये कपडे बांधले आणि सुताच्या दोरीनं कॅरिअरला आवळले. विणकराची गाठ आहे, उडुपीपर्यंत सुटायची नाही. घरातून कडक भाकरी, शेंगांची चटणी, धपाटे. उडुपीत दाजींचे एक जुने कंडक्टर राहतात, त्यांच्यासाठी अर्धा किलो कुंदा.

दाजींनी एक शंभर पानी वही आणली. डेपोत म्हणे दर महिन्याला ड्रायव्हरवार केएमपीएलचा कागद लागायचा, कुणी एका लिटरात किती पळवली ते. पाचच्या वर गेला तो शहाणा. "आता आपला कागद लावूया की," म्हणाले. दोघांच्या टाक्या निघताना तोंडापर्यंत भरायच्या, पुढं जिथं भरू तिथं तोंडापर्यंतच, आणि वहीत लिहायचं. ट्रॅक्टरला डिझेल मोजतात तसा सरळ हिशेब.

१४ नोव्हेंबर, कुमठा, लॉजवर

साडेपाचला निघालो. कपिलेश्वराला बाहेरूनच हात जोडले. खानापूरपर्यंत धुकं इतकं की दाजींचा मागचा दिवा तेवढा दिसत होता, तांबडा ठिपका. हात गारठले, मोज्यांवर मोजे चढवले तरी.

खानापूर सोडलं आणि माझ्या गाडीतून आवाज यायला लागला. आमच्या धंद्यात आधी कान सांगतो, मग डोळा. माग बिघडायच्या आधी त्याची लय एकाच ठिकाणी अडखळते. तसंच हे, चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला एक बारीक कुरकुर, बरोबर त्याच जागी. अळणावरपर्यंत ऐकलं न ऐकलं केलं. हल्याळच्या अलीकडे दाजींनी हात करून थांबवलं. त्यांनाही मागून ऐकू येत होतं.

चेनकव्हरचं रबरी बूच काढून बोट घातलं. चेन तारेसारखी ताणलेली. मिस्त्रीनं बरोबर बसवली होती, पण रिकाम्या गाडीवर. माझं वजन आणि मागचं बोचकं पडल्यावर गाडी खाली दबते, दोन्ही स्प्रॉकेट आणि मागच्या दांड्याची खीळ एका रेषेत येतात आणि चेन आणखी ताणते. रिकाम्या गाडीला जो ढिलेपणा उगाच वाटतो तो याचसाठी ठेवायचा असतो. मग एक्सलचा नट सैल केला आणि दाजींना गाडीवर बसवलं, बोचक्यासकट. ते हँडल धरून गंभीरपणे बसले होते, येणारी जाणारी माणसं बघत होती की हे गृहस्थ उभ्या गाडीवर काय करतात. दोन्हीकडचे ॲडजस्टर एकेक फेरा सोडले, खुणा जुळवल्या, बोटानं चेन वर-खाली बोटभर हलली तेव्हा नट आवळला. पंधरा मिनिटं. कुरकुर गेली.

हल्याळपर्यंत मराठीवर भागतं. चहावाल्यानं "कुठली गाडी?" विचारलं, वडगाव म्हटल्यावर त्याची आत्या शहापुरात निघाली. यल्लापुरात कन्नड, अंकोल्यात कोंकणी कानावर पडायला लागली. दाजी तिन्हीत सारखेच बोलतात, म्हणजे तिन्हीत ड्रायव्हरचं बोलतात. "साइडला घ्या" हे त्यांना पाच भाषांत येतं.

अरबैल घाट उतरताना त्यांनी मला पुढं जाऊ दिलं नाही. "ज्या गियरात चढायचं, त्याच गियरात उतरायचं," हा त्यांचा नियम. न्यूट्रल करून पेट्रोल वाचवणाऱ्यांना ते वहीतून बाद करणार आहेत.

अंकोल्यात टाक्या भरल्या. १९२ किलोमीटरला मला २.७ लिटर लागलं, दाजींना २.५. काही बोलले नाहीत, वही पुढं केली.

अंकोला सोडून शिरूरला आलो तर ते थांबले. डावीकडे सोललेला डोंगर, उजवीकडे गंगावळी. १६ जुलै २०२४ ला इथंच दरड कोसळली आणि रस्त्याकडेचं चहाचं दुकान माणसांसकट खाली गेलं. केरळचा एक ट्रक नदीत गेला तो सापडला सप्टेंबरात. या पट्ट्यात कुठंतरी रात्री चहाला दाजींची बस उभी राहायची. कुठं ते आता त्यांना सांगता येईना. दुकानाच्या दिव्यावरून जागा ओळखायची सवय, आणि आता दिवाही नाही, दुकानही नाही. हेल्मेट काढून उभे राहिले. ट्रक जात होते. मग म्हणाले, "चल, उजेडात कुमठा गाठूया."

आता रात्रीचे दोन वाजलेत. दाजी खिडकीशी जागे आहेत. त्यांची होन्नावरची वेळ ही.

१५ नोव्हेंबर, उडुपी

आज फक्त मरवंतेबद्दल लिहितो. होन्नावरचा शरावतीचा पूल, मुरुडेश्वरची गर्दी, भटकळ, सगळं झालं, फोटो आहेत.

बैंदूरच्या पुढं रस्ता सरळ होतो. हा पूर्वीचा सतरा नंबरचा हायवे, आता ६६ म्हणतात, दाजी अजून सतराच म्हणतात. चौपदरी झाल्यामुळे ट्रक उरावर येतात, म्हणून आम्हीही साठ-पासष्टनं पळत होतो. एवढ्या गाडीला तो वेग म्हणजे वाऱ्याशी कुस्ती. वेग दुप्पट केला की वारा चौपट अडवतो, आणि ते सगळं पेट्रोलच्या खात्यात जातं. पण तिथं आल्यावर दाजींचा वेग आपोआप कमी होत गेला. चाळीस. तीस. मग कडेला.

उजवीकडे समुद्र. मध्ये काळे दगड रचलेले, बस्स. डावीकडे सौपर्णिका नदी, रुंद, शांत, पलीकडे नारळ, त्यामागं निळा घाट. आणि मधून हायवे, नळीतल्या धाग्यासारखा.

दाजी आधी उजवीकडच्या दगडांवर जाऊन उभे राहिले. मग रस्ता ओलांडून डावीकडे. मग परत उजवीकडे. मी गाड्यांजवळ थांबलो, मला वाटलं आपण बोलू नये.

बऱ्याच वेळानं आले. "इथं पावसाळ्यात गाडी डावीकडं ओढायची," म्हणाले. "स्टिअरिंग धरून ठेवायला लागायचं. काचेवर चिकट थर बसायचा, वायपर फिरवला की पांढरं फासायचं. मी कंडक्टरला म्हणायचो, समुद्र जवळ आहे वाटतं." दगडांकडे हात केला. "जवळ म्हणजे एवढा?"

मागं पन्नास माणसं झोपलेली असायची, म्हणाले, आणि हेडलाइटमध्ये फक्त पांढरी पट्टी.

त्यांनी चप्पल काढली नाही, पाण्यात गेले नाहीत, फोटोही नको म्हणाले. टपरीवर शहाळं घेतलं आणि दुकानदाराला विचारलं, दुकान रात्री किती वाजता बंद करता? नऊला. "मग मी तुम्हाला कधी बघितलं नसणार," असं कन्नडमध्ये अगदी गंभीरपणे सांगितलं.

उडुपीत टाक्या भरल्या. माझं ॲव्हरेज चौसष्टावर घसरलं. साठनं पळण्याचा दंड.

१६ नोव्हेंबर

मुक्काम. कनकाच्या खिडकीतून कृष्णाचं दर्शन, मठाचं जेवण. कंडक्टरसाहेबांकडे कुंदा पोचला. दोघं तीन तास बोलत होते, विषय एकच, २०१६ साली कुठल्यातरी प्रवाशाची कोंबड्यांची पाटी टपावरून सुटली ती. मी झोपलो.

१७ नोव्हेंबर, सागर

आज पहिल्यांदा दाजी नवखे आणि मीही नवखा. आगुंबे घाट मोठ्या बसला बंद, त्यामुळे त्यांच्या सव्वीस वर्षांत तो कधी आलाच नाही. हेब्री, सोमेश्वर, मग चौदा आकडी वळणं. पहिल्या-दुसऱ्या गियरात पंधरा-वीसच्या वेगानं चढलो. आमची इंजिनं वाऱ्यावर थंड होणारी, आणि पुढं एक कार अडखळत चाललेली, म्हणजे वारा नाही आणि जोर पूर्ण. सातव्या-आठव्या वळणाला माझ्या इंजिनाचा तापल्या तव्यासारखा वास आला. थांबलो. मी इंजिनाकडे बघत होतो तेवढ्यात माकडानं चटणीचा पुडा नेला. तिखट होती. पुढचं त्याचं तो बघेल.

तीर्थहळ्ळीत चहावाल्यानं नंबरप्लेट वाचली, केए २२, मग गाड्यांकडे बघितलं, मग आमच्याकडे. "बेळगावियिंद ई गाडियल्लि?" म्हणजे बेळगावहून या गाडीवर? दाजी म्हणाले, हौदु, हो. त्यानं एका चहाचे पैसे घेतले नाहीत. कीव की कौतुक, कळलं नाही.

१८ नोव्हेंबर, घरी

जोगला पाणी बारीक. २५३ मीटरचा कडा मात्र पाण्याशिवायही बघण्यासारखा आहे, पोट आत ओढलं जातं. शिरसीपर्यंत रस्ता सावलीचा, सुपारीच्या बागांमधून. पंचेचाळीसच्या वर गेलोच नाही, जावंसं वाटलं नाही.

शेवटी वाट लागली ती आपल्याच मुलखात. हल्याळच्या पुढं अंधार पडला आणि उसाचे ट्रॅक्टर सुरू झाले. एकामागं दोन ट्रेलर, ऊस दोन्हीकडे हातभर बाहेर, मागं ना दिवा ना रिफ्लेक्टर. स्प्लेंडरचा उजेड तो किती. एकदा तर पांढरी पाचट डोळ्यासमोर आली तेव्हाच कळलं की पुढं काही आहे. तिथून दाजी पुढं गेले आणि मी त्यांच्या तांबड्या ठिपक्यामागं. रात्र आणि रस्ता हे त्यांचं खातं. पन्नास मीटर आधी ते पाय खाली सोडून इशारा करायचे, आणि मला काही दिसायच्या आत ट्रेलर यायचा. कसं ओळखता विचारलं, तर म्हणाले, रस्त्यावर पाचट दिसली की पुढं ऊस असतो.

सव्वानऊला वडगावात. टाक्या भरूनच घरी आलो, दाजींनी हिशेब अर्धवट सोडू दिला नाही. माझं मीटर ८१८ किलोमीटर, पेट्रोल १२.४ लिटर, म्हणजे सहासष्ट. तेराशे रुपयांच्या आत. दाजींचे एक्काहत्तर.

त्यांनी वहीत दोन्ही आकडे लिहिले, स्वतःच्या आकड्याखाली रेघ ओढली, तारीख घातली आणि डेपोच्या लॉगशीटवर करायचे तशी सही केली. मग वही माझ्याकडे सरकवली. मी सही केल्यावर म्हणाले, "उद्या ती चेन धू. मरवंत्याची वाळू असंल तिच्यात."