जुन्या घरातल्या फळ्या आणि कचरा केंद्राची खिडकी

जर्मनीत जुनं घर घेणाऱ्या मराठी मंडळींसाठी हे लिहितेय. आमचं घर श्टुटगार्टच्या बाजूचं, १९६४ चं. पोटमाळ्याच्या उतरत्या छतात खिडकी बसवायची होती, म्हणून प्लास्टर फोडलं. आत निघाला लाकडाचा लांब लांब कीस, शेवयांसारखा गुंतलेला आणि सिमेंटने लिंपलेला. शेजारच्या आजोबांनी लांबूनच बघून सांगितलं, "सावरक्राउटप्लाटेन!" म्हणजे 'सावरक्राउट'च्या, आंबवलेल्या कोबीच्या किसासारख्या दिसणाऱ्या फळ्या; इथे सगळे हेच म्हणतात. करड्या असतील तर बहुतेक सिमेंटच्या, पिवळसर असतील तर मॅग्नेसाइट या खनिजाने बांधलेल्या.

खिडकीपुरत्या फळ्या काढल्या, खिडकी बसली. त्यात सांगण्यासारखं काही नाही. सांगायचंय ते पुढचं.

काढलेला माल गाडीत घालून आमच्या गावच्या कचरा केंद्रावर नेला. खिडकीतल्या बाई म्हणाल्या, "लाकडात घेता येणार नाही, सिमेंट आहे." मग राडारोड्यात? "नाही, त्यात लाकूड आहे." मग कशात? यावर खांदे उडवले. वर विचारलं, ॲस्बेस्टॉस नाही कशावरून? मी म्हटलं, या फळ्यांत सहसा नसतो. त्यांना कागद हवा होता. बरं, हा मुद्दा अगदीच फोल नव्हता: फळीवरच्या प्लास्टरमध्ये किंवा पुट्टीत असू शकतो, कारण इथे बंदी आली ती थेट ३१ ऑक्टोबर १९९३ ला. लॅबला नमुना पाठवला (पाणी फवारून, मास्क लावून, झिपच्या पिशवीत). रिपोर्ट स्वच्छ आला. तो फडकवत गेले तर खिडकीत दुसरेच गृहस्थ! त्यांनी रिपोर्ट वाचला, मान डोलावली आणि म्हणाले, "छान. पण आम्ही हे घेतच नाही." हे पहिल्याच दिवशी सांगायला काय झालं होतं? अंगणात ताडपत्रीखाली ढीग पडलेला, आणि नवरा रोज विचारणार, "काय म्हणतंय तुझं केंद्र?" आजही तिथून जाताना डोकं फिरतं.

सुटका केली एका खासगी कंटेनरवाल्याने. फोनवर त्याचा पहिलाच प्रश्न, "कोड कुठला?" युरोपात कचऱ्याला सहा आकडी कोड असतात. घातक नसलेलं इन्सुलेशन म्हणजे १७ ०६ ०४, बांधकामाचा मिश्र कचरा म्हणजे १७ ०९ ०४. कोण कशात घेईल ते ज्याच्या त्याच्यावर, पण कोड सांगून विचारलं की समोरचा निदान हो किंवा नाही म्हणतो. त्याने फळीच्या कडेचा फोटोही मागितला. ते महत्त्वाचं आहे: काही फळ्यांच्या पोटात थर्माकोल असतो, काहींत खनिज लोकर (दगडाच्या किंवा काचेच्या तंतूंची). १९९६ च्या आधीची लोकर असेल तर ती घातक धरतात, तिच्या पिशव्या वेगळ्या, भावही वेगळा. आमची अखंड एकजिनसी निघाली.

पैसे वजनावर घेतात, म्हणून ताडपत्री घालाच. या फळ्या पाणी पितात.

बाकीच्या फळ्या मी काढल्या नाहीत, तुम्हीही उगाच काढू नका. कोरड्या आणि घट्ट असतील तर जाळी लावून वर चुन्याचं प्लास्टर उत्तम बसतं. ऊब मात्र बेताचीच: अडीच सेंटिमीटरची फळी म्हणजे आजच्या लोकरीचा जेमतेम एक सेंटिमीटर. हीटिंगचं बिल कमी करायचं असेल तर वेगळा थर लागतोच.

कापायला चांगली करवत काढू नका, सिमेंट तिचे दात खातं. आणि फडताळ टांगायचं असेल तर स्क्रू फळीत नाही, मागच्या वाशातच गेला पाहिजे. नुसत्या फळीत तो काही दिवस धरल्यासारखा करतो आणि मग भुग्यासकट बाहेर येतो.