जॉन हेन्रीची छाती

दक्षिण वेस्ट व्हर्जिनियात मी फुप्फुसांचा डॉक्टर आहे. पेशंट बहुतेक कोळसा खाणीतले. त्या दिवशी आलेला माणूस साठीचाही नव्हता. खाणीत तो रूफ बोल्टर होता, म्हणजे छत कोसळू नये म्हणून वरच्या खडकात ड्रिलने भोकं पाडून बोल्ट बसवणारा. बूट काढायला वाकला तरी त्याला धाप लागत होती.

फुंकायच्या तपासणीत टेक्निशियन "अजून, अजून, सोडू नका" म्हणत राहिली, पण त्याचा श्वास मध्येच संपला. एक्स-रेत दोन्ही फुप्फुसांच्या वरच्या भागात लिंबाएवढे पांढरे गोळे. मी त्याला सांगितलं, "नुसता कोळसा नाही, खडकातली सिलिकाही, म्हणजे खडक फोडताना उडणारी गारेसारखी बारीक धूळ, छातीत गेलीय."

तो म्हणाला, "म्हणजे जॉन हेन्रीचंच दुखणं."

जॉन हेन्री इथल्या पोरासोरांनाही ठाऊक असतो. गुलामीतून सुटलेला काळा मजूर. टॅल्कॉटजवळचा बिग बेंड रेल्वे बोगदा 1870 ते 1872 या काळात खोदला गेला. तिथे तो घणाने सुरुंगाची भोकं पाडायचा, असं सांगतात. वाफेचं ड्रिल आलं तेव्हा त्याने पैज लावली. त्याच्यावरच्या लोकगाण्यात तो 14 फूट खोदतो, यंत्र 9 फूट. आणि जिंकून, घण हातात असतानाच मरतो. तो नेमका कोण आणि कुठल्या बोगद्यातला, यावर अजून वाद आहे.

"अतिश्रमाने काळीज फुटलं म्हणतात," पेशंट म्हणाला. "माझे आजोबा म्हणायचे, धुळीने मेला." बोगद्यांमधल्या मजुरांना खडकाच्या धुळीनेच मारलं, असं एका इतिहासकारानेही मांडलंय. मला ते पटतं. याच राज्यात हॉक्स नेस्ट बोगदा 1930 मध्ये खोदायला घेतला. त्यात सिलिकाने गेलेल्यांचा आकडा अमेरिकन काँग्रेसपुढच्या सुनावणीत 476 सांगितला गेला.

अमेरिकन लोककथांतला दुसरा असाच नायक म्हणजे पॉल बनियन, निळा बैल पाळणारा राक्षसी देहाचा लाकूडतोड्या. लाकूड कंपनीच्या जाहिरात-पुस्तिकांनी 1914 पासून त्याला देशभर नेलं. तो कधी दमत नाही, खोकत नाही. जॉन हेन्रीला मात्र मजुरांनीच काम करता करता गाऊन मोठं केलं, म्हणून त्याच्या पराक्रमात त्यांचं मरणही आहे. मला तो बनियनपेक्षा कितीतरी मोठा वाटतो.

"पण ड्रिल तर माझ्याच हातात होतं, डॉक्टर," तो म्हणाला.

भरपाईच्या कागदांत मी त्याचं काम सविस्तर लिहिलं: छतात वाळूचा खडक, ड्रिल, किती वर्षं. आणि फुप्फुस प्रत्यारोपणासाठी त्याला पुढे पाठवलं.